नवं टोकन घेण्याआधी ते विकता येतं का, हे तपासा

कुणी नवं क्रिप्टो टोकन दाखवलं की समोरचा बहुधा एकच विचारतो, "किती वर जाईल?" मी आधी दोन गोष्टी बघते: मला ते विकता येईल का, आणि माझ्याआधी कोणाला विकता येतं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचा, कोड तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ओळखीतले लोक पैसे घालण्याआधी मला टोकनचा पत्ता पाठवतात. काहीजण पैसे घातल्यावर पाठवतात. तेव्हा फार वाईट वाटतं, कारण जे मी त्यांना दाखवते ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर असतं. कुठे बघायचं ते माहीत हवं, एवढंच. कोड लिहिता येण्याची गरज नाही.

सगळ्यात आधी, टोकन काढणं किती सोपं आहे ते डोक्यात पक्कं बसू द्या. ईथिरियम या ब्लॉकचेनवर टोकनसाठी ईआरसी-२० नावाचा साचा २०१५ पासून आहे. तयार कोड उचलायचा, नाव, चिन्ह आणि एकूण संख्या भरायची, नेटवर्कची फी भरायची, झालं. काही मिनिटांचं काम. कुणाची परवानगी लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. नाव आणि लोगोही दुसऱ्याचा सहज लावता येतो. एकाच नावाची पन्नास टोकनं असू शकतात, त्यांना वेगळं करतो तो फक्त कॉन्ट्रॅक्टचा पत्ता. म्हणून वॉलेटमध्ये, म्हणजे टोकन ठेवायच्या ॲपमध्ये, नाव टाइप करून कधीही टोकन शोधू नका. प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरून पत्ता घ्या, तोच पत्ता कॉइनगेकोसारख्या टोकनांची यादी देणाऱ्या दुसऱ्या ठिकाणी आहे का ते ताडून बघा, आणि सगळी अक्षरं जुळवा. पहिली चार आणि शेवटची चार सारखी दिसणारे पत्ते मुद्दाम बनवता येतात. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी लिंक कित्येकदा जाहिरात असते आणि तिच्यामागे हुबेहूब नकली साइट असते, हेही लक्षात असू द्या.

पत्ता हातात आला की तो डेक्सस्क्रीनरसारख्या चार्ट दाखवणाऱ्या साइटवर टाका. चार्टकडे बघू नका. त्याच्या खाली व्यवहारांची यादी असते, खरेदी हिरवी, विक्री लाल. ती वाचा.

माझ्या भाच्याने मध्यंतरी असंच एक टोकन पाठवलं होतं. "मावशी, हे बघ ना, सरळ वर चाललंय, एकदाही खाली आलेलं नाही." मी म्हटलं, यादी खाली सरकव आणि लाल ओळी शोध. बराच वेळ हिरवंच हिरवं. मग एक लाल ओळ आली, थोड्या वेळाने आणखी एक. "विकतायत की लोक," तो म्हणाला. मी त्याला प्रत्येक लाल ओळीतल्या वॉलेटची शेवटची अक्षरं वाचायला लावली. सगळीकडे तीच. शेकडो वॉलेटांनी घेतलं होतं आणि विकत होतं ते एकच वॉलेट. चार्ट खाली येत नव्हता याचं कारण एवढंच की बाकी कुणाला विकताच येत नव्हतं. विक्रीच बंद केली तर भाव वरच जाणार.

याला हनीपॉट म्हणतात. टोकन एका वॉलेटमधून दुसरीकडे नेणारं जे फंक्शन असतं त्यात एक अट घुसवलेली असते: टोकन पूलकडे (खरेदी-विक्री ज्यातून होते त्या सामाईक साठ्याकडे) चाललं असेल, म्हणजे कुणी विकत असेल, आणि पाठवणारा मालकाच्या यादीत नसेल, तर व्यवहार रद्द. दुसरा प्रकार विक्रीवरच्या कराचा, म्हणजे कोडच आपोआप कापून घेतो त्या रकमेचा. खरेदी करताना कर दोन टक्के, विकताना नव्याण्णव. तिसऱ्या प्रकारात सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं आणि पुरेसे पैसे जमले की मालक कर वाढवतो किंवा तुमचा पत्ता काळ्या यादीत टाकतो. हा तिसरा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण सावध माणूसही त्यात सापडतो.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस आलेलं स्क्विड टोकन आठवा. गाजलेल्या वेबमालिकेचं नाव उचललेलं, मालिकेशी संबंध काहीच नाही. काही दिवसांत भाव २,८०० डॉलरच्या वर गेला. घेणारे तक्रार करत होते की विकता येत नाही, पण टोकनच्या सोशल मीडिया खात्यांवर उत्तर देण्याची सोय बंद ठेवलेली होती. १ नोव्हेंबरला बनवणाऱ्यांनी पैसे काढले, काही मिनिटांत भाव शून्याला टेकला आणि सुमारे ३३ लाख डॉलर गेले. साइट जेमतेम काही आठवड्यांची होती आणि मजकुरात ढोबळ चुका होत्या. पण या सगळ्याहून मोठी खूण "विकता येत नाही" हीच होती, आणि ती पडझडीच्या आधी दिसत होती.

हनीपॉट डॉट आयएस, टोकन स्निफर आणि सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनसाठी रगचेक ही साधनं फुकट आहेत. पहिलं साधन तुमच्या वतीने खोटी खरेदी-विक्री करून बघतं आणि दोन्हीकडचा कर सांगतं. वापरा, जरूर वापरा, पण ते सांगतात ती त्या क्षणाची स्थिती. आज हिरवा शेरा मिळालेलं टोकन उद्या अडकवू शकतं. म्हणून मी सांगते की नगण्य रक्कम घेऊन लगेच त्यातला अर्धा भाग विकून बघा, आणि तेही वेगळ्या वॉलेटमधून, ज्यात दुसरं काही नाही. विक्री झाली नाही तर प्रश्नच मिटला. झाली तरी पुढचं तपासायचं राहतंच.

पुढचं म्हणजे पूल. इथे थोडा हिशेब आहे. तो स्वतः कागदावर मांडा, मग कुणाच्या मार्केट कॅपच्या आकड्याने तुम्ही भुलणार नाही.

युनिस्वॅपसारख्या विकेंद्रित, म्हणजे मध्ये कंपनी नसलेल्या, एक्सचेंजवर तुम्ही समोरच्या माणसाला विकत नाही, पूलला विकता. पूलमध्ये दोन ढीग असतात, एक ईथरचा (ईथिरियमच्या मूळ चलनाचा) आणि एक टोकनचा. मूळ नियम असा की दोन्हींचा गुणाकार कायम राहतो. समजा पूलमध्ये १० ईथर आणि १० लाख टोकन आहेत. गुणाकार एक कोटी. एका टोकनचा भाव ०.००००१ ईथर. आता एकूण टोकन १०० कोटी असतील तर मार्केट कॅप (एकूण टोकन गुणिले भाव) म्हणून साइटवर १०,००० ईथर असा आकडा दिसेल. पण बाहेर पडायला उपलब्ध आहेत ते फक्त १० ईथर. कुणीतरी ९० लाख टोकन विकले. पूलमध्ये आता एक कोटी टोकन झाले, गुणाकार कायम ठेवायचा तर ईथर उरला १. फी बाजूला ठेवली तर त्या माणसाने ९ ईथर नेले आणि भाव शंभरपट खाली आला. त्याने विकले ते एकूण टोकनांच्या एक टक्क्याहूनही कमी होते.

म्हणून मार्केट कॅपचा आकडा मी वाचतच नाही. त्याच पानावर लिक्विडिटी, म्हणजे पूलमध्ये किती पैसे आहेत, असं लिहिलेलं असतं, ते वाचते. मला जेवढी रक्कम घालायची आहे ती या पूलमधून परत निघू शकेल का, आणि माझ्याआधी दोन मोठे धारक निघाले तर काय उरेल, हे तिथून कळतं.

शिवाय तो पूल कोणाच्या ताब्यात आहे? पूलमध्ये पैसे टाकणाऱ्याला पावती म्हणून एलपी टोकन मिळतात. ती पावती ज्याच्याकडे, त्याला पूल रिकामा करता येतो. बनवणाऱ्याने ती स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवली असेल तर तो कुठल्याही रात्री सगळे ईथर घेऊन जाऊ शकतो. रग पुल म्हणतात तो हाच. प्रामाणिक माणूस ती पावती जाळून टाकतो, म्हणजे कुणालाच वापरता येणार नाही अशा पत्त्यावर पाठवतो, किंवा टीम फायनान्स, यूएनसीएक्स अशा लॉकरमध्ये ठराविक मुदतीसाठी अडकवतो. "लिक्विडिटी लॉक्ड" एवढे शब्द वाचून थांबू नका. किती टक्के अडकवली आणि कधीपर्यंत, या दोन्ही गोष्टी लॉकरच्या पानावर दिसतात. पाच टक्के लॉक करून "लॉक्ड" लिहिणारे आहेत. आठवडाभरासाठी लॉक करून आठव्या दिवशी निघून जाणारेही आहेत. युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत ही पावती एनएफटीच्या, म्हणजे एकमेव अशा टोकनच्या, रूपात असते, तेव्हा ती एनएफटी कुठल्या पत्त्यावर आहे ते बघावं लागतं.

पंप डॉट फन ही सोलानावर टोकन काढून देणारी सेवा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तशा ठिकाणी पूल आपोआप बनतो आणि तो काढून घेता येत नाही. त्यामुळे "इथे रग होऊच शकत नाही" असं छातीठोकपणे सांगितलं जातं. वरचा हिशेब परत बघा. ज्याच्याकडे टोकनांचा मोठा साठा आहे त्याला पूल उचलून न्यायची गरजच नाही. तो नुसता विकतो.

त्यामुळे धारकांची यादी बघणं आलं. ईथरस्कॅन, बीएससीस्कॅन किंवा सोलस्कॅनवर टोकनच्या पानावर होल्डर्स असा भाग असतो. वरच्या दहा-वीस पत्त्यांमधून पूल, लॉकर, जाळलेली टोकनं आणि ओळखीची एक्सचेंजं वगळा. जे उरले त्यांच्याकडे मिळून किती आहे? आता एक पायरी आणखी आत जा. त्यातल्या चार-पाच पत्त्यांवर क्लिक करून त्यांना पहिलं ईथर कुठून आलं ते बघा. सगळ्यांना एकाच वॉलेटने, थोड्याथोड्या मिनिटांच्या फरकाने पैसे पाठवलेले दिसले तर ती वेगवेगळी माणसं नव्हेत. यादीत प्रत्येकी दोन टक्के दिसत असतील, प्रत्यक्षात एकाच हातात निम्मा माल असतो. बबलमॅप्स हे साधन असे जोडलेले पत्ते चित्रात दाखवतं. पण हाताने एकदा करून बघाच, नजर तयार होते.

मोठं नाव पाठीशी असलं तरी हा भाग सोडू नका. १४ फेब्रुवारी २०२५ ला अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियेर मिलेई यांनी लिब्रा नावाच्या टोकनबद्दल एक्सवर पोस्ट टाकली. बघता बघता मार्केट कॅप चार अब्ज डॉलरच्या वर गेलं आणि काही तासांत ९० टक्क्यांहून जास्त कोसळलं. त्यांनी पोस्ट काढून टाकली. बहुतेक टोकन मोजक्या पत्त्यांवर होते, आणि हे विक्री सुरू असतानाच कुणालाही बघता येत होतं. प्रसिद्ध माणसाच्या शिफारशीचं म्हणाल तर अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये किम कार्दाशियन यांच्याशी १२.६ लाख डॉलरवर तडजोड केली. ईथिरियममॅक्सच्या टोकनची पोस्ट टाकण्यासाठी त्यांना अडीच लाख डॉलर मिळाले होते आणि ते त्यांनी जाहीर केलं नव्हतं. शिफारस करणाऱ्याला काय मिळालं हे आपल्याला दिसत नाही. धारकांची यादी दिसते.

आता मालकाचे अधिकार. एक्सप्लोररवर, म्हणजे ईथरस्कॅनसारख्या साइटवर, कॉन्ट्रॅक्टचं पान उघडा. कोड पडताळलेला नसेल, नुसती न वाचता येणारी अक्षरं दिसत असतील, तर तिथेच थांबा. ज्याने कोड दाखवला नाही त्याला पैसे द्यायचं काहीच कारण नाही. कोड असेल तर रीड कॉन्ट्रॅक्ट आणि राइट कॉन्ट्रॅक्ट असे दोन भाग दिसतात. राइटमध्ये फंक्शनांची नावं वाचा. मिंट म्हणजे नवे टोकन छापणं. पॉज म्हणजे सगळे व्यवहार थांबवणं. ब्लॅकलिस्ट म्हणजे एखाद्याला विक्रीपासून रोखणं. सेट फी किंवा सेट टॅक्स दिसलं तर कोडमध्ये त्याला कमाल मर्यादा घातली आहे का ते शोधा. मग रीडमध्ये ओनर बघा. तिथे सगळे शून्य असलेला पत्ता असेल तर मालकी सोडलेली आहे. नसेल तर वरचे सगळे अधिकार त्या एका पत्त्याकडे आहेत.

मालकी सोडली म्हणून निश्चिंत होऊ नका, हे मी कामाच्या अनुभवावरून सांगते. ओनर शून्य दाखवून कोडमध्ये दुसऱ्याच नावाने एक पत्ता राखून ठेवलेला असतो, मार्केटिंग वॉलेट किंवा असंच काहीतरी, आणि खरे अधिकार त्याच्याकडे. पानावर रीड ॲज प्रॉक्सी असा भाग दिसला तर त्याचा अर्थ आज वाचलेला कोड उद्या बदलता येतो. सोलानावर मिंट ऑथॉरिटी आणि फ्रीझ ऑथॉरिटी बघायची. फ्रीझ चालू असेल तर तुमचं खातं गोठवता येतं, परिणाम हनीपॉटचाच. तिथल्या नव्या टोकन-२०२२ साच्यात पर्मनंट डेलिगेट म्हणून सोय आहे. ती ज्याच्याकडे, तो तुमच्या वॉलेटमधून टोकन उचलू शकतो.

यातला कुठलाही अधिकार आपोआप फसवणूक ठरत नाही. यूएसडीसीच्या कॉन्ट्रॅक्टमध्येही छापण्याची आणि पत्ते गोठवण्याची सोय आहे. पण त्यामागे नाव-पत्ता असलेली, जाब विचारता येईल अशी कंपनी आहे. कालच्या टोकनच्या निनावी मालकाकडे तोच अधिकार असेल तर जाब कोणाला विचारणार?

ऑडिटचं, म्हणजे बाहेरच्यांनी कोड तपासल्याचं, लेबल साइटवर दिसलं तर अहवाल ऑडिट करणाऱ्याच्याच साइटवर जाऊन उघडा. अहवालातला कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि तुम्ही घेत असलेल्याचा पत्ता एकच आहे का? मग केंद्रीकरणाचा धोका या मथळ्याखाली काय लिहिलंय ते वाचा. मालक पूल रिकामा करू शकतो, असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि तोच अहवाल जाहिरातीत मिरवला जातो. आम्ही ऑडिट करणारे कोड काय करू शकतो ते सांगतो. मालकाच्या मनात काय आहे त्याची हमी आम्ही देत नाही, देऊ शकत नाही.

टोकन कुठल्याच सार्वजनिक चेनवर नसेल, नुसतं ॲपमधल्या आकड्यात असेल, तर वरचं काहीच तपासता येणार नाही, आणि तपासता येत नाही हेच उत्तर समजा. २०१४ मध्ये निघालेल्या वनकॉइनचं असंच होतं. खरी ब्लॉकचेन नव्हती, भाव कंपनी ठरवायची, विकायची जागा फक्त कंपनीचीच, आणि ती २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संस्थापक रुजा इग्नातोव्हा गायब झाल्या. २०२२ मध्ये एफबीआयने त्यांना सर्वाधिक हव्या असलेल्या दहा जणांच्या यादीत टाकलं. लोकांचे गेलेले पैसे अमेरिकी सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार चार अब्ज डॉलरहून जास्त.

ठरावीक परताव्याचं आश्वासन मिळालं तर कॅल्क्युलेटर काढा. दिवसाला फक्त एक टक्का, चक्रवाढीने, वर्षभर: पैसे जवळजवळ ३८ पट होतात. असा धंदा ज्याच्याकडे आहे त्याला तुमचे पैसे कशाला लागतील? बिटकनेक्टने महिन्याला ४० टक्क्यांपर्यंतची आशा दाखवली आणि जानेवारी २०१८ मध्ये सेवा बंद केली. टोकनचा भाव लगोलग ९० टक्क्यांहून जास्त पडला.

टेलिग्रामवर ॲडमिन म्हणवणारा आधी तुम्हाला मेसेज करतो, "फक्त आज रात्रीपर्यंत" म्हणतो, लॉकबद्दल साधा प्रश्न विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढतो. असा प्रश्न मुद्दाम विचारा. पाच मिनिटांत तुम्ही बाहेर असाल तर फार स्वस्तात कळलं.

वॉलेट जोडताना काय सही करताय ते वाचा. अमर्याद अप्रूव्हल (टोकन उचलण्याची परवानगी) दिलं की तुमच्याकडचं ते टोकन समोरचा कधीही नेऊ शकतो. खिडकीत रक्कम बदलता येते, गरजेपुरतीच टाका. न मागता वॉलेटमध्ये आलेल्या टोकनला हात लावू नका, ते तुम्हाला नकली साइटवर न्यायला आलेलं असतं. बारा किंवा चोवीस शब्दांचा सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची किल्ली, कुणालाही, कुठल्याही कारणासाठी द्यायचा नाही.

आणि अडकलातच तर आणखी पैसे घालू नका. "आधी कर भरा, मग रक्कम सुटेल" असं म्हणणारा फसवणारच आहे, खरा कर कधी असा वसूल होत नाही. रिव्होक डॉट कॅशवर जाऊन दिलेली अप्रूव्हल्स रद्द करा, उरलेली मालमत्ता नव्या सीड फ्रेजच्या वॉलेटमध्ये हलवा. व्यवहारांचे हॅश (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक), पत्ते आणि चॅट जपून ठेवा. चोरीचे पैसे एक्सप्लोररवर पुढे कुठल्या केंद्रित, म्हणजे कंपनी चालवते अशा, एक्सचेंजपर्यंत गेलेले दिसले तर त्या एक्सचेंजला आणि पोलिसांना लगेच कळवा, तिथे खातं गोठवलं जाण्याची थोडी तरी शक्यता असते. यानंतर काही दिवसांत "तुमचे पैसे परत मिळवून देतो" म्हणणारे येतील, आगाऊ फी मागतील, स्वतःला हॅकर किंवा वकील म्हणवतील. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, म्हणून ते तुमच्यापर्यंत पोहोचतात. त्यांना उत्तर देऊ नका, मेसेजचा स्क्रीनशॉट काढून तोही तक्रारीला जोडा.